ओट्यावरचे २५ सेंटिमीटर

मशीन घरात यायच्या आधी तीन आठवडे आमच्या ओट्यावर एक पुठ्ठ्याचं खोकं बसलं होतं. रुंदी २५ सेंटिमीटर, खोली ४३, उंची ३७. नव्या फ्रिजचा पुठ्ठा बाल्कनीत पडून होता, तो कापून, ब्राउन टेप मारून मी ते बनवलं. हा वेडेपणा वाटेल, पण आमच्या धंद्यात ही रीत आहे. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत माझं जॉबवर्कचं छोटं युनिट आहे. तिथे नवीन मशीन घ्यायचं ठरलं की आधी जमिनीवर खडूने चौकोन आखतो. दार पूर्ण उघडल्यावर पुढे माणूस उभा राहतो का, धातूचा कीस जमतो तो चिप ट्रे ओढला तर भिंतीला अडतो का, हे त्या चौकोनात उभं राहून बघायचं. कॅटलॉगमध्ये मशीनचं माप असतं, त्याच्यापाशी वावरणाऱ्या माणसाचं नसतं.

"हे काय आता?" हिने पहिल्या दिवशी विचारलं.

"कॉफी मशीन."

"रिकामं?"

"ट्रायल आहे."

तिने फक्त भुवई वर केली. तिसऱ्या दिवशी खोक्यावर कोथिंबिरीची जुडी होती. चौथ्या दिवशी लाइट बिल आणि आईचा चष्मा. आठवडा संपेपर्यंत त्यावर मोबाईलचा चार्जर, रबरबँडची डबी आणि कुणाच्या तरी बारशाची पत्रिका अशी वस्ती झाली. सपाट जागा दिसली की घर ती सोडत नाही. आणि खऱ्या मशीनच्या डोक्यावर तर बियांचं झाकण असतं, ते वर उघडतं. म्हणजे ३७ सेंटिमीटर उंची ही झाकण बंद असतानाची. आमच्या ओट्यापासून वरचं कपाट ४८ सेंटिमीटरवर आहे. हात तिरका करून बिया ओतता येतील एवढीच फट उरत होती.

दुसरी अडचण उजव्या बाजूची. मी ज्या प्रकारची मशीन बघत होतो, त्यांच्या पोटातला मुख्य भाग, ज्याला ब्रू ग्रुप म्हणतात, तो उजवीकडचं दार उघडून बाहेर काढावा लागतो. मी मनात धरलेल्या जागेच्या उजवीकडे होती भिंत. मशीन डावीकडे सरकवायचं तर मिक्सर हलवावा लागणार. ज्यांच्या घरात मिक्सरची जागा वीस वर्षं ठरलेली आहे, त्यांना या वाक्याचं वजन कळेल.

मुळात हे खूळ डोक्यात आलं कुठून, तर नाशिकजवळच्या ओझरमधून. वडील एचएएलमध्ये, म्हणजे सरकारी विमान कंपनीत होते. मिग विमानांसाठी १९६४ मध्ये तो कारखाना उभा राहिला, आणि बंगळुरूकडची बरीच मंडळी बदली होऊन ओझरच्या टाउनशिपमध्ये आली. आमच्या शेजारी एक कन्नड कुटुंब होतं. त्या काकूंकडे पितळेचं दोन मजली फिल्टर होतं. रात्री वरच्या मजल्यात पूड घालून, वरून कढत पाणी ओतून ठेवायचं, की सकाळपर्यंत खालच्या मजल्यात काळाभोर अर्क जमलेला असे. मग तो दुधात घालून पेल्यातून वाटीत, वाटीतून पेल्यात हातभर उंचीवरून ओतायचा. त्या मला अर्धा पेला देत आणि म्हणत, "आईला सांगू नको हं." आईला अर्थातच ठाऊक असे, कारण मी घरी येऊन ओठांवरचा फेस पुसत नसे.

आमच्या घरी कॉफी म्हणजे वेगळंच प्रकरण. दूध, साखर, चमचाभर पूड आणि वर किसलेलं जायफळ. ती आजारपणात, जागरणात, भजन लांबलं तर किंवा परीक्षेच्या आदल्या रात्री. रोजचा मान चहाचा. आई आज ८१ वर्षांची आहे आणि तिच्या लेखी अजूनही कॉफी हे पेय कमी आणि उपाय जास्त.

मधली वर्षं गेली. कॉलेज रोडला, गंगापूर रोडला कॅफे झाले. गिऱ्हाइकांना भेटायला मी तिथे जाऊ लागलो आणि एस्प्रेसोची, म्हणजे दाबाने काढलेल्या कडक कॉफीची, चटक लागली. दोन घोट, पण तासभर जिभेवर राहतात. नाशकात द्राक्षं आणि वायनरी झाल्यापासून आपल्याकडेही पेला नाकाशी नेऊन वास घेणारी माणसं वाढलीत. मी त्यांची टिंगल करायचो, आणि एके दिवशी स्वतःच कप नाकाशी धरून बसलो होतो.

गंगापूर रोडला माझा एक मित्र राहतो. त्याच्याकडे सेमी-ऑटोमॅटिक मशीन आहे, म्हणजे कॅफेतल्यासारखं दांड्याचं. एका रविवारी मुद्दाम बघायला गेलो. त्याने काट्यावर १८ ग्रॅम बिया मोजल्या, दळल्या, दांड्याच्या चाळणीत पूड भरली, सुईने मोकळी केली, वरून दाबली, दांडा फिरवून बसवला आणि स्टॉपवॉच लावलं. २७ सेकंदांत ३६ ग्रॅम कॉफी खाली आली. पहिला कप त्याने मोरीत ओतला, "चॅनलिंग झालं" म्हणून. पूड एकसारखी दाबली गेली नाही तर पाणी मधूनच वाट काढतं आणि बाकीची पूड कोरडी राहते. दुसरा कप मला दिला. खोटं कशाला बोलू, इतकी चांगली कॉफी मी नाशकात कुठल्याच कॅफेत प्यालो नव्हतो. पण चौघांची कॉफी व्हायला चाळीस मिनिटं लागली, आणि तेवढा वेळ वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, कारण आत जायला जागा नव्हती. त्याचं ते देवघर आहे. पूजा त्याची, सोवळं सगळ्यांना.

माझी सकाळ वेगळी. पावणेआठला घर सोडायचं, कारण आठच्या शिफ्टला कुलूप मीच उघडतो. साडेसहा ते साडेसात या तासाभरात आईचा चहा, हिचा डबा, पोळ्या, पाण्याची वेळ, सगळं त्याच ओट्यावर. तिथे मी काटा घेऊन उभा राहिलो असतो तर लाटणं पडलं असतं. तेव्हा बटण दाबलं की बिया दळण्यापासून चोथा टाकण्यापर्यंत सगळं करणारं, पूर्ण ऑटोमॅटिक मशीनच घ्यायचं, एवढं तिथून परततानाच ठरलं.

दुकानात गेलो तर विक्रेता पोरगा पाठ करून बसलेला. "सर, हा १५ बारचा, आणि हा २० बारचा. २० चा घ्या, पॉवरफुल आहे."

आमच्या युनिटमधला कॉम्प्रेसर सहा-सात किलो प्रेशरवर चालतो. किलो आणि बार, दोन्ही दाबाचीच मापं, त्यांत किरकोळ फरक. त्या हवेवर सीएनसी मशीनचा चक, म्हणजे काम पकडून ठेवणारा जबडा, आवळला जातो. २० बार म्हणजे त्याच्या जवळजवळ तिप्पट! एवढं पाणी कॉफीच्या चिमूटभर पुडीतून काढायचं काय कारण? कारण नसतंच. एस्प्रेसोला लागतात साधारण ९ बार. डब्यावर छापलेला आकडा असतो तो पंपाची कमाल ताकद सांगणारा. तो छोटा व्हायब्रेशन पंप वाट पूर्ण बंद केली तर तेवढ्यापर्यंत जाऊ शकतो. मोटारसायकलच्या स्पीडोमीटरवर १६० लिहिलेलं असतं म्हणून कुणी द्वारका चौकातून १६० ने जात नाही.

त्या ९ बारमागे मोठी गोष्ट आहे, आणि ती वाचताना मला आठवला आजोळचा बंब. जुन्या नाशकात तिळभांडेश्वर लेनमध्ये माझं आजोळ. मोरीपाशी तांब्याचा उभा बंब होता, तांबट लेनमध्ये घडवून घेतलेला. मधोमध नळकांडं, त्यात कोळसे आणि शेंगांची टरफलं, भोवती पाणी, खाली पितळी तोटी. एस्प्रेसोची पहिली यंत्रं दिसायला अगदी अशी होती, उभे पितळी-तांब्याचे बॉयलर. इटलीतल्या तुरीनमध्ये आंजेलो मोरियोंदोने १८८४ मध्ये असं वाफेवरचं कॉफी यंत्र प्रदर्शनात मांडलं आणि पेटंट घेतलं. मिलानच्या लुईजी बेझेराने १९०१ च्या पेटंटात एकेका कपाची कॉफी वेगळी काढायची सोय केली, म्हणजे माझ्या मित्राच्या हातातल्या दांड्याचा पूर्वज. पण ही सगळी बंबाचीच भावंडं. आतल्या वाफेचा दाब जेमतेम दीड बार, आणि तो वाढवायचा तर तापमान वाढणार, म्हणजे कॉफी करपणार. दाब आणि उष्णता एकाच दाव्याला बांधलेली.

ते दावं सोडवलं अकिल्ले गाज्जाने. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत त्याने स्प्रिंगचा लिव्हर आणला. लिव्हर खाली ओढायचा, स्प्रिंग आवळली जाते, आणि ती सुटताना पाण्याला ८-१० बारने पुडीतून ढकलते. दाब आता वाफेचा नाही, स्प्रिंगचा. त्या दाबाने पहिल्यांदाच कॉफीवर तो तांबूस फेस आला, ज्याला आज क्रेमा म्हणतात. मग १९६१ मध्ये फाएमा कंपनीने स्प्रिंगच्या जागी विजेचा पंप लावला आणि यंत्राचं नाव ठेवलं ई-६१. त्यातला ई हा ग्रहणाचा, इटालियन एक्लिस्सेचा, कारण त्या वर्षी फेब्रुवारीत इटलीत खग्रास सूर्यग्रहण दिसलं होतं. आपल्याकडे ग्रहणात पाण्यावर तुळशीपत्र ठेवतात, तिकडे मशीन काढलं. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "ग्रहणात काही खाऊ-पिऊ नये रे." विषय तिथेच मिटला.

दळण्याचं प्रकरण मला अधिक जवळचं. मिक्सरची पाती चिरत जातात, त्यामुळे त्यात कॉफीची धूळही होते आणि खडेही राहतात. या मशीनमध्ये असतं छोटं जातं, शंकूच्या आकाराचं, स्टीलचं किंवा सिरॅमिकचं. खुंटी फिरवून जात्याच्या दोन भागांमधलं अंतर कमी-जास्त करायचं, की दळण बारीक-भरड होतं. लहानपणी गिरणीवाला चिमटीत पीठ घेऊन वरचा दांडा किंचित फिरवायचा, तेच. फक्त इथे नियम असा की खुंटी जातं फिरत असतानाच फिरवायची, थांबलेलं असताना फिरवली तर दाणे मधे अडकून नुकसान होतं. आणि फरक लगेच कळत नाही, आधीचं दळण आत शिल्लक असतं, दोन-तीन कपांनंतर चव बदलते. मला हे माहीत असूनही मी पहिल्या सकाळी तीन घरं एकदम फिरवली आणि चौथ्या कपाला मशीनने थेंब-थेंब रडायला सुरुवात केली.

पण मी पुढे पळालो. मशीन अजून घेतलं नव्हतं.

हिशेब मांडला तेव्हा गंमत झाली. मी हिला वहीत लिहून दाखवलं: कॅफेत कप १८० रुपयांना. घरी २५० ग्रॅम बियांचं पाकीट ५५० चं धरलं, कपाला ९ ग्रॅम लागले, तर २७ कप होतात, म्हणजे कप २० रुपयांत. दिवसाला दोन कप, वर्षाला ७३०. मशीन पन्नास हजारांचं असलं तरी पाच-सहा महिन्यांत फिटलं! हिने वही घेतली, पुन्हा वाचली आणि विचारलं, "तुम्ही कॅफेत रोज दोनदा जाता?" जात नव्हतो. आठवड्यातून दोनदा, आणि त्यातलं एक बिल गिऱ्हाईक देतं. खऱ्या आकड्यांनी हिशेब केला तर तीन वर्षं उलटूनही मशीन फिटत नव्हतं. मी वही मिटली. काही खरेद्या हिशेबात बसवायच्या नसतात. बसत नाहीत म्हणून.

मग हिनेच एक प्रश्न विचारला, आणि त्यावर सगळी निवड फिरली. "याचं धुणं कोण करणार?"

तोपर्यंत मी चव, बार, वॅट, कपांचे प्रकार यांच्या याद्या करत होतो. हिच्या प्रश्नानंतर प्रत्येक मशीनची माहिती-पुस्तिका उलटी वाचायला लागलो, शेवटच्या पानांपासून, जिथे साफसफाई असते. आणि चित्र पालटलं. 'ऑटोमॅटिक' या शब्दाचा अर्थ कॉफी करण्यापुरता आहे. मागचं आवरणं कुणाच्या तरी हातालाच येतं, फक्त प्रत्येक मशीन ते वेगळ्या ठिकाणी लपवतं.

काही मशिनांत, उदाहरणार्थ स्विस युराच्या, ब्रू ग्रुप आतच बंदिस्त असतो. त्याला सफाईच्या गोळ्या घालायच्या, मशीन आपलं आपण धुतं. दिसायला सुटसुटीत, पण आत काय साचलंय ते डोळ्यांनी दिसत नाही आणि गोळ्या विकत घ्यायच्या. फिलिप्स किंवा डिलाँगीच्या घरगुती मशिनांत ब्रू ग्रुप हातात येतो. आठवड्यातून एकदा काढायचा, नळाखाली कोमट पाण्याने धुवायचा, साबण लावायचा नाही, वाळवायचा, आणि अधूनमधून त्याच्या रिंगांना खाण्यालायक सिलिकॉन ग्रीस लावायचं. माझ्यासारख्याला हे काम वाटत नाही, संध्याकाळचा विरंगुळा वाटतो. जे उघडता येतं ते दुरुस्त करता येतं, हा माझा जुना आग्रह. शिवाय एका कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन केला तर उत्तर मिळालं, "नाशिकला आमचा माणूस व्हिजिटवर येतो, सर." कधी येतो? "कंप्लेंट जमल्या की." मग तर उघडता येणारंच हवं.

दुधाचंही तसंच. एकात लांब नळी, दुधाचं भांडं, आतून फिरणारे मार्ग. दुसऱ्यात नळी नाही, दोनच तुकड्यांचा प्लॅस्टिकचा कप, तो उघडला की झालं. तिसऱ्यात नुसती वाफेची तोटी, फेस आपल्या हाताने काढायचा. नळीवाल्याचा फेस सगळ्यांत देखणा. पण आमच्याकडे दूध पिशवीचं असलं तरी तापवूनच ठेवतात आणि तापवलेल्या दुधावर साय येते. इटलीत हे लक्षात घेऊन नळ्या बनवत नसावेत. सायीचा एक तुकडा त्या बारीक वाटेत अडकला आणि मे महिना असला, तर तिसऱ्या दिवशी ओट्याजवळ उभं राहवणार नाही. मी दोन तुकड्यांवाल्यावर बोट ठेवलं.

विजेचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात डोकं कमी आणि धूळ जास्त गेली. मशीन १५०० वॅटचं. २३० व्होल्टला भागलं की साडेसहा अँपिअर. मिक्सरचा साधा पॉइंट ६ अँपिअरचा. म्हणजे १६ चा पॉवर पॉइंट काढणं आलं, म्हणजे वायर ओढणं, टाइल फोडणं, आणि त्या रंगाची टाइल आता मिळत नाही हे कळणं. आज तिथे एक टाइल जरा पिवळसर आहे. पाहुणे कॉफीकडे बघतात, मी टाइलकडे.

आणि पाणी. आम्हाला नळाला येतं ते गंगापूर धरणाचं, गोदावरीचं. उन्हाळ्यात सोसायटी त्यात बोअरचं मिसळते, कधी टँकर येतो, आणि तेव्हा किटलीच्या तळाला पांढरा थर धरतो. मशीनच्या आतल्या हीटरलाही तोच धरणार. क्षार धरला की काय होतं हे आमच्याच युनिटच्या कुलिंग लाइनमध्ये पाहिलंय. उलट आरओचं पाणी इतकं निखळ की कॉफी त्यात फिकी पडते, कारण चव ओढायलाही पाण्यात थोडे क्षार लागतात. स्पेशालिटी कॉफी असोसिएशनच्या शिफारशीत हे प्रमाण लिटरला १५० मिलिग्रॅमच्या आसपास धरलेलं आहे. मी दोन्ही पाणी मिसळून, क्षार मोजणारा टीडीएसचा पेन बुडवून, तेवढ्यावर आणतो. यावर घरात जे बोललं जातं ते इथे लिहीत नाही.

मशीन आलं ते आषाढात. आठ किलोचं, त्यामुळे एकट्याने उचलून ठेवलं. पुठ्ठ्याच्या खोक्याच्या जागी ते इतकं चपखल बसलं की मला स्वतःचंच कौतुक वाटलं. मिक्सर फ्रिजशेजारी गेला. पहिलं बटण दाबलं. आधी जात्याचा घर्रर्र आवाज, मग क्षणभर शांतता, तेवढ्यात आतला पिस्टन पूड दाबतो, मग पंपाचा गुरगुराट, आणि दोन तोट्यांतून मधासारख्या दोन बारीक धारा. मित्राच्या कॉफीसारखी होती का? नाही. त्याच्या दांड्यात १८ ग्रॅम पूड बसते, माझ्या मशीनच्या पोटात एका वेळी त्याच्या निम्मी. अंग जरा हलकं लागतं. पण ती ४० सेकंदांत आली, आणि हिच्या पोळीचा तवा जागचा हलला नाही.

आईला कपुचिनो करून दिली. तिने घोट घेतला आणि कप परत केला.

"कोमट आहे रे."

आपण चहा फुंकून पिणारी माणसं. एस्प्रेसोचं पाणी ९० ते ९६ अंशांवर काढतात, पण कपात उतरेपर्यंत ते बरंच निवतं, आणि फेसाचं दूध ६०-६५ अंशांच्या वर नेलं तर त्याची गोडी जाते. हे सगळं मी आईला समजावलं. तिने ते शांतपणे ऐकून घेतलं आणि हिला म्हणाली, "जरा गॅसवर ठेव गं." आता तिचा कप मी आधी गरम पाण्याने भरून ठेवतो, तरी ती गॅसकडे बघतेच. वर जायफळ तिचं ती किसते.

चुका माझ्याही झाल्या. पहिलं पाकीट आणलं ते काळंकुट्ट भाजलेलं, तेलाने चमकणारं. मला वाटलं चमक म्हणजे ताजेपणा. दहा दिवसांत बिया वरच्या पेटीत एकमेकांना चिकटून बसल्या, जातं रिकामंच फिरायला लागलं आणि मशीन बिया भरा म्हणून लाल दिवा दाखवत राहिलं. आता चिकमगळूरची मध्यम भाजलेली, अरेबिकात थोडा रोबस्टा मिसळलेली आणतो. नुसत्या अरेबिकाचा सुवास बरा, पण दुधात तिचा आवाज दबतो. रोबस्टा जरा रांगडा, फेसही दाट देतो. काकूंच्या फिल्टरमधला तो चिकोरीचा, म्हणजे कॉफीत मिसळतात त्या भाजलेल्या मुळाचा, वास मात्र यात येणार नाही. चिकोरीची पूड बियांच्या पेटीत घालायचीच नसते.

दुसरी चूक श्रावणात. धुळ्याला लग्नघरी चार दिवस गेलो. परत येऊन चोथ्याचा खण ओढला तर आत चोथ्याच्या चकत्यांवर हिरवट बुरशीची लोकर. नाशिकच्या पावसाळी हवेत ओल्या चोथ्याला तेवढे दिवस पुरतात. तेव्हापासून गावाला जाताना गॅस, नळ, दिवे यांच्या यादीत चोथा आहे. तो खण मशीन चालू असतानाच रिकामा करायचा असतो, नाहीतर त्याच्या मोजणीत बसत नाही आणि रिकाम्या खणाला ते भरलेला म्हणत राहतं. चोथा जातो कढीपत्त्याच्या कुंडीत. सुरू होताना आणि बंद होताना मशीन स्वतःच्या तोट्या धुतं, ते पाणी खालच्या ट्रेमध्ये जमतं, आणि हिने त्याची बादली लावली आहे. "रोज एवढं पाणी हे पितं?" असं मावशींनी विचारलं होतं. भांडी घासायला येतात त्या. त्यांना मशीनला हात लावायची भीती वाटते, आणि मला त्यांच्या तारेच्या घासणीची.

म्हणून शनिवारी संध्याकाळी धुणं माझं. उजवीकडचं दार उघडायचं, कळ दाबून ब्रू ग्रुप ओढायचा. हातात आला की तो युनिटमधल्या एखाद्या फिक्श्चरसारखा, म्हणजे काम बसवायच्या साच्यासारखा वाटतो, करड्या प्लॅस्टिकचा, बारीक जाळीचा, कोपऱ्यांत कॉफीचे कण अडकलेला. नळ बारीक सोडायचा, अंगठ्याने जाळी फिरवत राहायचं, पाणी स्वच्छ उतरेपर्यंत. मग दुधाच्या कपाचे दोन तुकडे, मग ट्रे, मग चोथ्याचा खण. सगळं पालथं घालून वाळत ठेवायचं, पोळपाटाशेजारी. २० मिनिटं लागतात. लग्नाला २८ वर्षं झाली, एवढा वेळ सलग मी या मोरीपाशी कधी उभा नव्हतो.

परवा शेवटची रिंग पुसत होतो. ही मागून आली, टोपलीत पालथ्या घातलेल्या भागांकडे बघितलं, माझ्या कोपरापर्यंत भिजलेल्या बाह्या बघितल्या.

"अहो, हात ओले झालेच आहेत तर ते दुधाचं पातेलंही घ्या."